एका ‘हाव’वरून अबोला

मंडळी, आज भाजीवाल्या मावशींमुळे माझी मैत्री वाचली. खरंच!

माझी मैत्रीण मुग्धा पुण्याची, नुकतीच आमच्या नांदेडात राहायला आलीय. परवा साडीच्या दुकानातून तिचा मेसेज आला, “दोन घेतल्या. तिसरीपण आवडलीय. घेऊ का गं?”

मी कुकर उतरवता उतरवता लिहिलं, “हाव.”

त्यावर तिचं “बरं.” बस्स. मग फोन नाही की मेसेज नाही. मलाबी राग आला. एवढा कसला तोरा? मीही गप्प बसले.

आज बाजारात दोघी एकाच गाड्यावर समोरासमोर आलो. तिनं तोंड फिरवलं. तेवढ्यात मावशींनी मला विचारलं, “ताई, मेथी देऊ का?”

मी मान हलवली. “हाव, द्या.”

मुग्धा गर्रकन वळली. “थांब! हाव म्हणजे हो?”

“मग तुला काय वाटलं?”

“मला वाटलं, तू मला हावरट म्हणालीस! मी ती साडी परत ठेवली गं!”

आम्ही हसून हसून बेजार. मावशी म्हणाल्या, “मेथी घेऊन राहिल्या का नुसतं हसून राहिल्या?”

तिथून थेट दुकानात गेलो. साडी अजून होती, घेतली.

समोर बोलताना मान हलते, आवाजात माया असते. मेसेजमध्ये नुसती अक्षरं जातात. तुमचं कुणाशी असं बिनसलंय का?

आत्ताच मुग्धाचा मेसेज आला, “चहाला येतेस?”

मी जपून लिहिलं, “हो.”

लगेच उत्तर आलं, “नुसतं हो? रुसलीस का गं?”