आमचं बिनविरोध गाव

मी कराडच्या कॉलेजात आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं. एकाधिकारशाहीचा धडा आला की पोरांच्या डोळ्यांसमोर रणगाडे, तुरुंग आणि भिंतीवरचे मोठाले फोटो उभे राहायचे. माझ्याही तेच राहायचे. निवृत्त झाल्यावर कळलं, की तिला एवढा खर्च करावाच लागत नाही. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात तिचं भागलं ते चहावर.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, फौजेतून हवालदार होऊन परतला आणि गावातच राहिला. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीला त्यानं आमच्या वॉर्डातून अर्ज भरला. कुणावर राग म्हणून नव्हे. "पंचायतीत इचारणारा एक तरी माणूस पायजे का नगं?" एवढंच त्याचं म्हणणं. पण गावानं त्याआधीच भैरोबाच्या देवळात बसून सगळे सदस्य ठरवून टाकले होते. निवडणूक बिनविरोध झाली तर सभामंडपाला निधी देऊ, असा वरून शब्द आला होता. ठरलेल्यांचे सोडून बाकी सगळे अर्ज मागे घेतले गेले. गाव आणि मंडप यांच्यामध्ये दादाचा तेवढा उरला.

संक्रांतीचे दिवस होते. मी साताऱ्याहून राहायला गेले होते. पहिल्याच संध्याकाळी शेजारचे अण्णा पाच-सहा जणांना घेऊन आले. अण्णांचं शेत आमच्या बांधाला लागून, त्यांच्याच विहिरीत आम्ही भावंडं पोहायला शिकलो. कुणी आवाज चढवला नाही. अण्णा म्हणाले, "गड्या, गावाच्या एकीला नख कशाला लावतूस? गाव करी ते राव न करी."

मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, म्हणून तर मला रावापेक्षा गावाची भीती जास्त वाटते."

सगळे हसले. अण्णाही हसले. "मास्तरीणबाई, हितं काय परीक्षा हाय व्हय?" म्हणाले आणि माझ्याच हातचा चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून दादाच्या म्हशीच्या दुधाला डेअरीत फॅट लागेना, म्हणजे भावही मिळेना. म्हैस तीच, पेंड तीच. नांगरटीला ठरलेला ट्रॅक्टरवाला फोन उचलेना. वहिनीनं हळदीकुंकवाला सगळी आळी बोलावली होती. एकच बाई आली, तीही मागच्या दारानं. शिवी नाही, धमकी नाही. तक्रार करायची तर कशाची? आमच्या म्हशीवर अन्याय होतोय म्हणून पोलिसात जायचं? मला हसू आलं.

इतकी वर्षं मी फळ्यावर लोकशाहीच्या दुसऱ्यांनी केलेल्या व्याख्या लिहिल्या. त्या आठवड्यात मला माझी स्वतःची एक सापडली. मतपेटी, बहुमत हे हवंच, पण नाही म्हणणाऱ्याच्या दुधालाही जेवढं असेल तेवढं फॅट लागलं पाहिजे. जिथं ते लागत नाही, तिथं सगळ्या गावाचे हात वर असले तरी त्याला एकमत म्हणू नये. मी हे दादाला सांगितलं. तो धार काढायला बसला होता.

"बरुबर हाय," तो म्हणाला. "पर त्ये डेअरीवाल्याला कोण शिकवणार?"

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी वहिनी भाकरी थापता थापता बोलली, "आवं, मेल्यावर खांद्याला चार माणसं लागत्यात. ती कुठनं आणायची? मिल्ट्रीतनं?"

दादानं पुढ्यातलं ताट सारलं आणि वडूजची एसटी धरली. मी सोबत गेले. तहसील कचेरीत त्यानं अर्ज मागे घेतल्याची सही केली. बाहेर आल्यावर म्हणाला, "फौजेत समोरचा दिसायचा गं. हितं कुणाशी भांडू? समदे चा पाजत्यात." मला इतका संताप आला होता, की स्टँडवर मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. संताप त्याच्यावर नव्हता, पण जवळ तोच होता.

गावानं गुलाल उधळला. दुधाला पुन्हा फॅट लागू लागलं. निधीही आला.

मग मंडपाची जागा ठरली, ती पाणंदीच्या अगदी तोंडावर. अण्णांची बैलगाडी शेतात जायची ती त्याच वाटेनं, दुसरी वाटच नाही. त्या वेळी मी पुन्हा गावात होते. अण्णा आले ते मागच्या दारानं. घोंगडीच्या कडेला बसले.

"ग्रामसभेत तू बोल की गड्या."

"वाट तुमची. तुमीच बोला की," दादा म्हणाला.

"मी कसा बोलू? माजी म्हस बी त्याच डेअरीला हाय."

मला वाटलं, आता दादा त्यांना चार शब्द सुनावणार. त्यानं वहिनीला चहा टाकायला सांगितलं.

ग्रामसभेत ठराव वाचून झाला. सरपंचांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाचा इरोध?" रीतीप्रमाणे सगळे गप्प. दादा उठला. "माजा हाय. अण्णांची वाट बंद हुती."

सरपंच अजिबात चिडले नाहीत. अण्णांकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "काय अण्णा, तुमची काय तक्रार हाय का?"

मी बायकांच्या बाजूला बसले होते, तिथून अण्णांचं तोंड दिसत होतं. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत डोक्यावर घातली.

"न्हाई," ते म्हणाले. "गाव करील त्ये बरुबर."

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. दादा अजून उभाच होता. "बसा की हवालदार," मागून कुणीतरी म्हणालं, तेही प्रेमानंच.

घरी येताना मी अण्णांना भ्याड म्हटलं. दादानं मला थांबवलं. "त्येंला बोल लावू नगं. मी अर्ज मागं घेतला तवा समद्या गावानं बघितलं. तितनंच शिकले त्ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत फॅट लागलं नाही. दादाच्या दुधाला नाही, आणि अण्णांच्याही नाही.