दहावीला रीटेक नसतो

फ्रिस्कोकर, जूनमध्ये आम्ही अमेरिका सोडून कायमचे पुण्याला चाललोय. आमची ईरा तिकडे थेट दहावीत बसणार.

आज नागपूरच्या मावशीनं व्हिडिओ कॉलवर बोर्डाचा पॅटर्न समजावला. मावशी रिटायर्ड शिक्षिका. लेखी ऐंशी, शाळेकडचे वीस, कॅल्क्युलेटर बंद.

ईरानं विचारलं, "मार्क्स कमी आले तर रीटेक कधी असतो?" इथल्या शाळेत आठवड्याभरात पेपर परत देता येतो ना!

मावशी हसली. "बाळा, बोर्डाची परीक्षा आहे ती."

कॉल संपल्यावर ईरा हळूच म्हणाली, "आणि आई, मला इंडियात नाहीच जमलं तर? डू वी गेट अ रीटेक?"

तेव्हापासून मी घरभर नुसती फिरतेय. मघाशी रिकामा डिशवॉशर चालू केला.

इंडियात परत गेलेल्यांनो, पॅटर्न कळला हो. पोरीला काय सांगू?