रविवार धरत नाहीत

माझ्या विहिणीने जेवढे उपवास केले तेवढे नाशकातल्या दुसऱ्या कुठल्याही ख्रिस्ती बाईने केले नसतील, आणि तिच्याइतके खोटे उपवासही कुणी केले नसतील. तोंडावर मी तिला अहो-जाहो करत असे, इथे करणार नाही. तिला जाऊन चार वर्षं झाली, पण माझा तिच्यावरचा राग गेलेला नाही. यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे आमचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, आमचे नवे पाळकसाहेब म्हणाले, "ईस्टरपर्यंत नुसतं वशाट सोडू नका, मनातला जुना राग सोडा." म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी त्यांचे कान भरलेले दिसतात. सोडायचा की नाही ते माझं ठरलेलं नाही. आधी राग कशाचा आहे ते सांगते.

माझी लेक रूथ या विहिणीच्या घरी दिलेली. शरणपुरात दोघींच्या घरांमध्ये दोन गल्ल्या. उपवासकाळात बाकीच्या बायका मटण-मासळी सोडायच्या, चहा सोडायच्या, फार तर टीव्हीवरची मालिका सोडायच्या. हिला ते हलकं वाटे. "मटण काय, परवडलं नाही तरी सुटतं," ती म्हणे. "स्वभाव सोडून दाखवा." आणि दरवर्षी राखेच्या बुधवारी, कपाळावरची राख पुसायच्या आत, देवळाच्या फाटकापाशी उभी राहून ती जाहीर करी की यंदा आपण काय सोडलं. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. त्या फाटकापाशी कधी कुठल्या पुढाऱ्याला जमली नसेल एवढी गर्दी तिच्याभोवती जमे, कारण चाळीस दिवस आपल्याला काय सोसावं लागणार हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं असे.

पहिल्या वर्षी तिने राग सोडला. रूथच्या हातून सोमवारी दूध उतू गेलं. एरवी हिने भिंती हलवल्या असत्या. पण ती हसली, पदराचं टोक घेतलं आणि त्याला गाठ मारली. मंगळवारी भाजी खारट, दुसरी गाठ. द्राक्षांचा हंगाम ऐन उपवासात येतो. पिंपळगावकडचा एक हातगाडीवाला आमच्या गल्लीत येई, त्याला हे कळलं. "मावशी, आज बुधवार. आज तुम्ही बोलायच्या नाय," म्हणत त्याने खालची दबलेली, पाणी सुटलेली द्राक्षं पिशवीत घातली. "लय गोड हायेत." तिसरी गाठ. "माझा उपवास आहे, बाबा," ती इतक्या मऊ आवाजात म्हणाली की मला घाम फुटला. मग रविवार आला. प्रार्थना संपली, शेवटचं गीत झालं, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकताच तिने पदर हातात घेतला. "सोमवारचं दूध!" ती ओरडली आणि पहिली गाठ सोडली. सगळ्या मंडळीदेखत रूथचं दूध निघालं, भाजी निघाली, माझी शिकवण निघाली. मग बायबल काखेत मारून ती त्र्यंबक नाक्यापर्यंत चालत गेली आणि त्या गाडीवाल्याला शोधून काढलं. त्याच्याशी काय झालं ते मी पाहिलं नाही, पण पुढे तो आमच्या गल्लीत गोड द्राक्षं तेवढी आणू लागला.

मी भडकले. मी तिला तिथेच विचारलं, "विहीणबाई, हा कसला उपवास?"

"मोजा, विहीणबाई," ती शांतपणे म्हणाली. "राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस होतात. मग चाळीस कसे? रविवार धरत नाहीत. विचारा पाळकसाहेबांना."

मी विचारलं. तेव्हाचे म्हातारे पाळकसाहेब टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "तसं खरं आहे. रविवार आनंदाचा, त्या दिवशी उपवास नसतो."

"ऐकलंत?" ही म्हणाली. "आम्ही आनंदानेच भांडतो."

मग दरवर्षी तेच. एका वर्षी तिने गर्व सोडला आणि देवळात सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसायचं ठरवलं. तिथे एक गरीब बाई बारा वर्षं बसत होती. "ऊठ गं," हिने तिला उठवलं, "शेवटचं बाकडं यंदा माझं." एका वर्षी भोचकपणा सोडला. तेव्हा माझ्या दारात उभी राहून म्हणे, "मी विचारत नाही हं, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते. पण उपवासाच्या दिवसांत त्या वासाचं काय असेल, तेही मी विचारत नाही." मी पातेल्यावर ताट आपटलं. लेक मला सांगायची, "आई, सहा दिवस घरात सगळं मंद आचेवर असतं, रविवारी उतू जातं." पण खरं सांगायचं तर रविवारी फाटकापाशी आम्ही दोघी जशा भांडलो तशी मी नवऱ्याशीसुद्धा मन लावून भांडले नाही. शनिवारी रात्री मी उत्तरं तयार करून ठेवत असे.

शेवटच्या वर्षी तिने कुरकुर सोडली.

चौथा रविवार होता. फाटकापाशी तिने पदर धरला आणि आठवड्याची कुरकुर एका दमात सोडायला लागली. गुडघे दुखतात, नळाला पाणी सात वाजताच जातं, मुलगा शिफ्टवरून आला की पेपरात तोंड घालतो, रूथच्या भाकरीला पापुद्रा येत नाही, डाव्या बाजूला छातीत कळ येते, पाळकीणबाई गाताना सूर सोडतात, द्राक्षं यंदा आंबट. मी हसत होते. सगळ्याच हसत होत्या. मी म्हटलं, "आवरा विहीणबाई, मला वाटाणे सोलायचेत." तीही हसली आणि शेवटची गाठ सोडली.

कळ तिने कुठे सांगितली बघा. भाकरी आणि पाळकीणबाईंच्या मध्ये. असं कुणी सांगतं? आयुष्यभर मुंगी चावली तरी शरणपूर गोळा करणारी बाई, हिला तेवढीच एक गोष्ट हळू सांगायची होती का?

सोमवारी रूथने तिला ओट्यापाशी छाती चोळताना पाहिलं. "आई, काय होतंय? दवाखान्यात जाऊ."

"आज सोमवार आहे," ती म्हणाली.

मंगळवारी पोरीने पुन्हा विचारलं. "रविवारी सांगीन." बुधवारी विचारलं तर गाठ मारली आणि हसली. गुरुवारी सकाळी अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. सूप मांडीवरून घसरलं, एवढंच. मी धावत पोचले तेव्हा तांदूळ सगळीकडे होता आणि ती भिंतीला टेकून बसल्यासारखी होती. पदराच्या टोकाला गाठीवर गाठ, मुठीएवढा गोळा. रूथने रडत रडत विचारलं, "आई, या सोडू का गं?"

"राहू दे," मी म्हटलं. "रविवारी सोडेल ती."

तोंडातून गेलं. सवयीने गेलं. तशाच गाठींसकट शुक्रवारी तिला पुरलं.

लोक म्हणाले, देवाची बाई, उपवासात गेली. मला त्या लोकांचा राग आला. देवाने तिला कळ लपवायला सांगितलं नव्हतं. आणि मी? माझ्या कानांनी ऐकलं होतं आणि मी वाटाणे सोलायला गेले. पण माझं मी बघून घेईन. तिचं कोण बघणार? चार वर्षं मी उत्तरं तयार करून बसले आहे आणि समोर माणूस नाही.

परवा प्रार्थना झाल्यावर मी नव्या पाळकसाहेबांना फाटकापाशी गाठलं. पोरगेलासा माणूस आहे, सुरगाण्याकडून आलेला. मी विचारलं, "साहेब, जुना राग सोडायचा तर रविवार धरायचे का?"

तो गोंधळला. बोटं मोजली. "नाही, आजी. रविवार धरत नाहीत."

"मग जमेल," मी म्हटलं.

सहा दिवस मी तिला काही बोलणार नाही. तिच्या नावाने ताट आपटणार नाही, रूथसमोर तिचं वाईट काढणार नाही. आठवलं तर पदराला गाठ मारीन. रविवारी मात्र देवळातून निघून थेट दफनभूमीत जाणार आहे, आंबट द्राक्षांचा घड घेऊन. एकेक गाठ सोडणार आहे. तिला ऐकून घ्यावं लागेल. आज सोमवार आहे, हे उत्तर त्या दिवशी चालणार नाही.