खोकला न आलेली दुपार

चेन्नईत, अड्यारच्या त्या इस्पितळात, वृद्धांच्या वॉर्डात, मराठी येणारी नर्स मी एकटीच. म्हणून आजी माझ्याकडे आल्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. पक्षाघाताच्या झटक्याने डावी बाजू लुळी पडली होती, गिळणं दुबळं झालं होतं. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या नाकात नळी होती. तिकडे बघून आजी म्हणायच्या, "मला तसं करू नका."

मी चमच्याने पाणी दिलं, गळ्यावर बोटं ठेवून गिळणं तपासलं. पावडर घालून दाट केलेलं पाणी, हनुवटी खाली, एका वेळी एकच चमचा. एवढं पाळलं तर नळी टळणार होती.

पण आजी जन्मभर मान मागे टाकून, पेला उंच धरून वरून प्यायलेल्या. ओठ लागला की उष्टं. आणि आता मान मागे गेली तर पाणी थेट श्वासनळीत उतरायची भीती. हे समजावताना मी अडखळायचे.

"तुझी मराठी शाळेत काढून घेतली का गं?"

"शाळाच इंग्रजी होती, आजी."

"मग पाणी तरी मराठीत पाज."

शेवटी तडजोड झाली. चमचा दर घोटाला धुवायचा. तेवढ्यासाठी मी खाटेपासून बेसिनपर्यंत ये-जा करायचे. बाकीचे पेशंट खोळंबायचे, इनचार्ज सिस्टर तमिळमध्ये टोमणे मारायच्या. मी चमचा धूत राहायचे. आजींची फुफ्फुसं स्वच्छ राहिली होती.

आजोबा रोज भेटीच्या वेळी यायचे. त्यांना मी सगळं सांगितलं होतं, करून दाखवलं होतं. ते मान डोलवायचे.

त्या दुपारी मी पडदा सारला तेव्हा आजोबांनी आजींची मान हाताने मागे धरली होती. दुसऱ्या हातात घरचा चांदीचा पेला. पाण्याची बारीक धार सरळ त्यांच्या तोंडात पडत होती.

"आजोबा, थांबा!"

"अगं, बघ ना. ठसका नाही, थेंब सांडला नाही. किती दिवस ते खळीसारखं पाणी पाजताय तिला."

आजी खूश होत्या. "नाही खोकले मी," त्या म्हणाल्या. आवाज ओला होता, घशात पाणी अडकल्यासारखा. ज्यांचा घसा दुबळा झालेला असतो त्यांना कधी कधी खोकलाही येत नाही, पाणी गुपचूप आत जातं. मी त्यांना उठवून बसवलं, सक्शनच्या नळीने घशातलं पाणी ओढून काढलं, डॉक्टरांना बोलावलं.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. न्यूमोनिया. मग नळी. त्या ती ओढायच्या, म्हणून चांगल्या हातावर जाड मोजा चढवून तो हात खाटेला बांधला.

आजोबांना कुणीच रागावलं नाही. मीही नाही. ते मलाच विचारत राहिले, "कधी काढणार?" डॉक्टरांनी आजोबांच्या मुलाला सांगितलं होतं की नळी आता काढता येणार नाही. मला ते माहीत होतं.

"डॉक्टरांना विचारा, आजोबा," मी म्हटलं.

जेवणाची वेळ झाली. मी खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली, सिरिंज नळीला लावून वर धरली. दूध हळूहळू उतरू लागलं. "आजी, दूध देतेय," मी मराठीत सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. आजोबा बाहेर जाऊन उभे राहिले.