मेलेले उचलणारा हात

"मेलेलं उचलण्याचा हात यांच्या घराण्यातच आहे."

हे वाक्य आमच्या विभागप्रमुखांनी रत्नागिरीतील महाविद्यालयाच्या सभागृहात, ध्वनिक्षेपकावरून, माझ्याकडे बोट दाखवून उच्चारले. साल अठ्ठ्याण्णव, नव्या किड्याचा शोध जाहीर करण्याचा समारंभ. टेबलावर काचेच्या पेटीत एक भुंगेरा टाचलेला. अंगाच्या दुप्पट लांब मिशा. राखाडी पाठीवर दोन गंजके डाग. विज्ञानाला तोवर अज्ञात असलेली जात. ती मी शोधली होती. मी तिथे प्राणिशास्त्राचा अधिव्याख्याता होतो. तरी माझी खुर्ची व्यासपीठावर नव्हती, मागच्या दाराशी होती.

सभागृह हसले. पहिल्या रांगेतले बागायतदार हसले. ज्यांना मी शिकवले, तेही हसले.

लोक म्हणतात, तो विनोद होता. निवृत्त सहकारी आजही मला समजावतात, "अहो, मेलेल्या लाकडातला किडा म्हणून बोलले ते. तुम्ही उगाच जातीवर घेतलंत." मी घेतले नाही. ते मला फेकून मारले गेले. सावर्ड्याकडच्या आमच्या गावात मेलेली गुरे ओढण्याचे काम माझ्या बापाने बंद केले, तेव्हा गावाने आमच्या वाडीचे पाणी तोडले होते. प्रमुखांचे आजोळ त्याच गावात. त्यांचे मामा तिथले मानकरी. दोर कुणाच्या खांद्यावर असे, हे त्यांना चांगले ठाऊक होते. नेम धरून केलेल्या गोष्टीला मी विनोद म्हणत नाही.

दुसरी कहाणी अशी की भुंगेरा मला 'सापडला'. जणू रस्त्यात पडलेले नाणे.

गावामागच्या देवराईत किंजळाचा एक जुना वृक्ष वादळात आडवा झाला होता. राईतली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा रिवाज. देव आमच्या घरातून बापाच्या हयातीतच गेला. रिवाज मात्र मी पाळला, कारण असा ओंडका कापला, सुकला, की आत वाढणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या मरतात. म्हणून खोडाला जागच्या जागी मच्छरदाणी गुंडाळली, कडांवर चिरे ठेवले आणि भुंगेरे बाहेर पडण्याची वाट पाहू लागलो. देवळाचा गुरव मला पाहून हसे. "मास्तर, मेल्या झाडाला डास चावतत काय?"

"कान लावून बघ," मी म्हणालो.

त्याने लावला. आत करकर चालली होती. सावकाश, न थांबता, आतून सगळे खाऊन टाकणारी. तो झटकन मागे सरला. "ह्या काय बरा नाय, मास्तर." त्यानंतर त्याने थट्टा केली नाही.

दोन पावसाळे मी ती करकर ऐकत होतो. मग एका सकाळी जाळीला आतून एक नर चिकटलेला दिसला. पुढे मादीही निघाली. खोडात अजून अळ्या होत्या. मिशीचा प्रत्येक सांधा मी भिंगाखाली मोजला. नराचे जननांग सोडवून जवळच्या जातींशी ताडून पाहिले. वर्णनातला शब्दन्‌शब्द माझा. हस्तलिखित टाचलेल्या नरासह प्रमुखांकडे गेले ते विभागाच्या परवानगीपुरते. परत आले तेव्हा लेखक ते झाले होते. एकटे.

"तुझं नाव देतोय ना जातीला?" ते आपल्या खोलीत म्हणाले. "अमर होशील लेका. आणखी काय हवं?"

इथून तिसरी कहाणी निघाली : त्यांनी सन्मान दिला आणि याने लाथाडला. आमच्या शास्त्राची रीत ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी लिहितो. नव्या जातीचे वर्णन जो लिहितो, त्याचे नाव तिच्यामागे कायमचे लागते. तो कर्ता. ज्याच्या नावावरून तिचे बारसे होते, तो कृपापात्र. कर्ता स्वतःचे नाव जातीला देत नाही. म्हणजे माझे नाव भुंगेऱ्याला लागताच, तो मी लिहिला नाही, हे कायमचे ठरणार होते. घरी पत्नीला हे सांगितले. ती म्हणाली, "नाव तुमचं आणि टाचणी त्यांची. मग त्या पेटीत कोण आहे?"

तिचा हा प्रश्न मनात घेऊनच मी त्या सभागृहात बसलो होतो. हशा ओसरला नव्हता. मी उठलो. टेबलापर्यंत गेलो. म्हणालो, "सर, मेलेलं उचलणं आमचं काम ना? मग हेही उचलतो."

पेटी उचलली आणि मधल्या वाटेने बाहेर पडलो. मागून कुणीतरी ओरडले, "धरा त्याला!" कुणी धरले नाही.

मला चोर म्हणाले. चौकशी बसवली. नमुना मी माझ्याकडच्या मादीसह सार्वजनिक संग्रहालयात जमा केला आणि वर्णन माझ्या एकट्याच्या नावाने छापून आणले. जातीला नाव किंजळाचे दिले, माणसाचे नाही. चोराने चोरीचा माल संग्रहालयात नेऊन दिल्याचे दुसरे उदाहरण चौकशीतल्या कुणालाही देता आले नाही.

येथवर लोक सांगतात. पुढचे कुणी सांगत नाही.

पेटी हातची गेल्यावर, माझे वर्णन छापून येण्याआधी आपले छापता यावे म्हणून, प्रमुखांनी दुसरा भुंगेरा मिळवायचे ठरवले. मामांनी राई उघडली. आम्हाला काटकी वर्ज्य होती. त्यांच्यासाठी करवत आत गेली. मी पोचलो तेव्हा फाटकी मच्छरदाणी, चिरे आणि ओला भुसा, एवढेच उरले होते. गुरव माझ्याकडे बघेना. "मोठी मानसा," तो म्हणाला. "आमी काय बोलनार?"

भुंगेरे लवकर निघावेत म्हणून ते तुकडे प्रमुखांच्या बागेत उन्हात रचले होते. एकही निघाला नाही. पुढे ते कुंपणाबाहेर फेकले गेले, मुंग्या लागल्या. तिथे बसून मी अळ्या वेचल्या. पांढऱ्या, बोटाएवढ्या, काही करवतीने अर्ध्या झालेल्या. स्पिरिटच्या बरणीत ठेवल्या. तेव्हापासून दर वर्षी मी राईतल्या पडलेल्या खोडांना कान लावतो. जात संपली असे मी लिहिणार नाही. तेवढा पुरावा नाही. पण करकर नाही. राई हिरवीगार आहे आणि आतून मुकी आहे.

आता प्रमुखांचा अमृतमहोत्सव आहे. त्याच सभागृहात. गौरवपुस्तिकेत ते 'दुर्मीळ भुंगेऱ्याचे संशोधक' आहेत. निमंत्रण द्यायला आलेले तरुण प्राध्यापक म्हणाले, "सर, झालं गेलं विसरा. या वेळी तुमची खुर्ची वर ठेवलीय."

मी जाणार आहे. खुर्चीवर बसणार नाही. बरणी छातीशी धरून त्याच मधल्या वाटेने टेबलापर्यंत चालत जाईन, ती त्यांच्या हारांमध्ये ठेवीन आणि करवत कुणी लावली ते ध्वनिक्षेपकावरून, नाव घेऊन सांगेन. ध्वनिक्षेपक बंद केला तर त्याच्याविना सांगेन.

मेलेले उचलणारा हात आहे हा. त्यांनी मारलेले तो त्यांच्यासमोर ठेवणार आहे.