फोटो झाले का?

माझा धाकटा भाऊ जन्मभर लोकांची तोंडं भरत आला, पण स्वतःचं कधी उघडलं नाही. कवळ्या करायचा तो. एका दातांच्या दवाखान्याच्या मागे जिन्याखालची खोली, तिथं त्याचं टेबल. फळीवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. पेशंट पुढच्या खोलीत डॉक्टरांकडून कवळी बसवून घ्यायचा, आरशात हसून बघायचा आणि घरी जायचा. ज्यानं ती घासूनपुसून केली, त्याला ते हसू कधी दिसायचं नाही. घरात आम्ही त्याला घुम्याच म्हणायचो. आई म्हणायची, याच्याकडून शब्द काढण्यापेक्षा कवळी घालून ऊस सोलणं सोपं.

लग्नाआधी त्यानं एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून जुना रेंजफाइंडर कॅमेरा घेतला. हातात घेतला तर वीट धरल्यासारखा जड. मला म्हणाला, ताई, यातून बघ. कोपऱ्यातल्या खिडकीवजा भोकाला डोळा लावला तर मधोमध एक पिवळसर चौकोन, आणि त्यात आई चक्क दोनदा बसलेली. तो लेन्सभोवतीचं कडं फिरवायला लागला तशा दोघी सरकत सरकत एकमेकींवर आल्या आणि एक झाल्या. एक झाली की दाबायचं, एवढंच तंत्र. मी म्हटलं, बरं झालं बाबा एक झाली, दोघींचं ऐकून घ्यायची ताकद नाही माझ्यात.

त्या कॅमेऱ्याची एक खोड होती. बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी, त्यामुळे लेन्सवरची टोपी काढायची राहिली तरी बघणाऱ्याला सगळं लख्ख दिसतं. थोरल्या काकांच्या सत्तराव्या वाढदिवसाला यानं अख्खा रोल टोपीसकट काढला. आम्ही तासभर माना वाकड्या करून, पोटं आत घेऊन उभे राहिलो आणि हाती आला अंधार. काकांनी ती कोरी पट्टी उजेडात धरली नि म्हणाले, माझं भविष्य काढलंस वाटतं. तेव्हापासून घुम्यानं कॅमेरा उचलला की सगळी बिल्डिंग ओरडायची, टोपी काढ. तो कानापर्यंत लाल व्हायचा, पण मी त्याची बहीण आहे, मला कळायचं, त्याला ते आवडायचं.

खरी मजा पुढं असायची. रोल भरायला दोन-तीन महिने लागायचे. मग न्हाणीघरात काळोख करून, लाल दिवा लावून तो फोटो धुवायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. तोवर लोकांना दम कुठला? रोज कोणी ना कोणी दार वाजवायचं. फोटो झाले का? वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई यायच्या, चुलतभाऊ यायचे, ज्याचा फोटो काढलेलाच नाही तोही यायचा. फोटो झालेले नसले तरी आलेला माणूस बसायचा. माझी भावजय बोलघेवडी, ती चहा टाकायची. झालेले असले तर पलंगभर पसरायचे आणि जो तो आपलंच नाक शोधायचा. घुम्या दाराला टेकून उभा. तो बोलायचा नाही, पण त्याचं घर बोलायचं.

भावजय गेली आणि चहा टाकणारं माणूस गेलं. त्याची मुलगी नोकरीला लांब गेली, तिकडंच लग्न करून स्थिरावली. कवळ्यांचं काम यंत्रावर व्हायला लागलं, तेव्हा दवाखान्यानं याला पुष्पगुच्छ देऊन घरी बसवलं. रोल मिळेनासे झाले. चार-पाच राहिले होते, ते त्यानं फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात जपून ठेवले होते. भाजी म्हणाल तर दोन बटाटे.

अशात मुलगी नवा कॅमेरा घेऊन आली. फुल फ्रेम मिररलेस. मला नाव उच्चारायलाच दोन दिवस लागले. आत आरसा नाही म्हणे. मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला. मुलगी हसली, आत्या, तू म्हणजे ना. घुम्यानं तो सगळीकडून फिरवून बघितला, बोटानं चाचपला. मला खरं सांगायचं तर त्यात खोट काढायला जागा नव्हती. आतली चौकट जुन्या रोलच्या चौकटीएवढीच मोठी, तो म्हणाला, यांनी माप तेच ठेवलंय. समोर माणूस आला की कॅमेरा आपण होऊन त्याचा डोळा शोधतो आणि तिथं एक छोटी चौकट उभी करतो. कडं फिरवायला नको, दोनाचं एक करायला नको. दिवे घालवले तरी चेहरा स्वच्छ. आवाज तर इतका बंद करता येतो की फोटो निघाला हे समोरच्याला कळतही नाही. आणि टोपी राहिली तर समोर काळं दिसतं, हे दाखवताना मुलीनं बापाकडं बघून डोळा मारला.

मग तिनं त्यातला फोटो तिच्या फोनवर कसा पाठवायचा ते शिकवलं. म्हणाली, “बघा बाबा, आता काढला की लगेच माझ्याकडं. तुम्हाला पार्सल करायला नको आणि मला न्यायला यायला नको.”

पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. बापाचा त्रास वाचावा एवढंच होतं. पण मी घुम्याकडं बघितलं. तो मान डोलावत होता आणि कॅमेऱ्याचा पट्टा पुन्हापुन्हा दुमडत होता.

तो काही नव्यावर रुसून बसणारा नव्हे. महिनाभर त्यानं तो कॅमेरा गळ्यात घालून बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे फोटो काढले. काय ते फोटो! मास्तरीणबाईंच्या चष्म्यात खिडकीसुद्धा दिसत होती. फोटो काढला की माणसं मागच्या पडद्यावर वाकायची, वा वा म्हणायची, मला पाठवा हं म्हणायची. तिथंच जिन्यात त्यांचा फोन वाजायचा, फोटो पोचायचा आणि ती आपापल्या घरी जायची. दाराबाहेर चपला काढून आत कुणी आलं नाही. यानं एकदा धीर करून म्हणून बघितलं, फोटोंवर जरा काम करायचंय, आठवड्यानं घरी या. तर मास्तरीणबाई म्हणाल्या, अहो छानच आहेत की, तुम्ही कशाला डोळे फोडता, आत्ताच पाठवा. यानं तिथंच पाठवले.

नंतर मुलगी नातवाला घेऊन दोन दिवस आली. तेव्हा नवा कॅमेरा कपाटावर आणि जुना हातात. मुलगी वैतागली, मी एवढा आणून दिलाय तो काय शोभेला? हा म्हणाला, रोल घातलाय, तेवढा संपवू दे. दोन दिवसांत संपवलाही. एकेक फोटो मोजून काढणारा माणूस, पण नातवामागं गुडघ्यावर रांगत होता. जाताना मुलगी म्हणाली, झाले की कळवा.

आणि दर रविवारी तिचा फोन यायला लागला. फोटो झाले का, बाबा? हा कधी म्हणायचा फोटो धुवायचं औषध संपलंय, कधी म्हणायचा हवा दमट आहे, वाळणार नाहीत. मग एकातून एक विषय निघायचा. नातवाच्या दाढा आल्या का, नोकरीत काय चाललंय, भाजीला काय केलंस. अर्धा-अर्धा तास बोलणं. त्या फोनच्या गोष्टी मला तो आठवडाभर पुरवून पुरवून सांगायचा. घुम्या, आणि सांगायचा!

मला वाटलं, म्हातारपणी आळस भरलाय. मी तीन मजले चढून गेले. माझे गुडघे कसे आहेत ते माझं मला माहीत. बघते तर रोल टेबलावर डबीत बंद, शेजारी औषधाची बाटली गच्च भरलेली, बाहेर कडकडीत ऊन. माझा पारा चढला. म्हटलं, मेल्या, पोरगी दर आठवड्याला विचारते, नातू मोठा होऊन जाईल, तुला धुवायला काय धाड भरलीय? मी बरीच बोलले. माझी जीभ एकदा सुटली की मलाही आवरत नाही.

तो ऐकून घेत होता. मग डबी हातात घेऊन म्हणाला, “ताई, फोटो झाले की ती फोन कशाला करेल?”

मी दुसरीकडं बघत चहा टाकायला उठले. साखरेचा डबा कुठं असतो तेही मला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी तिथं असताना फोन आला. माझ्याशीही बोलता यावं म्हणून त्यानं आवाज मोठा केला. मुलगी इकडचंतिकडचं बोलली आणि मग मायेनं म्हणाली, “बाबा, ते फोटोंचं राहू द्या. उगीच त्रास करून घेऊ नका. त्या दोन दिवसांचे माझ्या फोनमध्ये ढीगभर आहेत.”

“बरं,” तो म्हणाला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी नातवाचा एक फोटो आला, खाली हसरा चेहरा. बिचारीला दोष तरी काय देऊ? तिच्या हिशेबी तिनं बापाच्या मागचा तगादा काढून घेतला होता.

मग घुम्यानं रोल धुतला. मी गेले तेव्हा फोटो दोरीवर होते. एका फोटोत मुलगी खिडकीत केस विंचरत होती. एकात मी होते, तोंड उघडं, बहुतेक कुणावर तरी ओरडत असेन. आणि एक नातवाचा, नुसता पुसट. तो हसत आजोबांच्या अंगावर धावून आला होता, आणि त्या कॅमेऱ्याला हातभर अंतराच्या आतलं धड दिसत नाही. दोन डोळ्यांच्या जागी दोन सावल्या आणि पुढं केलेले हात. मी म्हटलं, नव्या कॅमेऱ्यानं काढला असतास तर डोळा न् डोळा आला असता. तो म्हणाला, हो, नव्यानं नक्की धरला असता. आणि तोच फोटो बराच वेळ बघत राहिला. मला इतकं एकटं माणूस कधी दिसलं नव्हतं, आणि तो माझा भाऊ होता.

त्यानं माझ्या वाट्याचे फोटो पाकिटात घालून पुढं केले. मी म्हटलं, “आज नको. पिशवीत जागा नाही. पुढच्या रविवारी येऊन नेते.”

पिशवी माझ्या मनगटावर रिकामी लोंबत होती. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पाकीट कपाटात ठेवलं आणि कपाट लावून घेतलं.

“किती वाजता येशील?” त्यानं विचारलं.

“चारला,” मी म्हटलं, आणि जिना उतरताना मला रडू आलं.