भांडायला चाळीस मालक

चाळीस घरं, एक हॉल आणि त्या हॉलमध्ये कायम उकळत असलेली चहाची किटली. अशा ठिकाणी किस्से गोळा करावे लागत नाहीत. कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेलं तरी माणूस एखादा घेऊनच परत येतो. लंडनच्या पिनर भागातल्या माझ्या जुन्या मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "रेखा, तुमच्या साइटवरचं काहीतरी सांग ना." मग काय, मी सुरूच होते!

साइट म्हणजे काय, ते आधी सांगते. ही घरं फॅक्टरीत तयार होतात, लॉरीवरून दोन तुकड्यांत येतात आणि जागेवर जोडली जातात. घर आपलं, खालची जमीन मात्र मालकाची, तिचं भाडं भरायचं. रिटायर झाल्यावर मी आणि श्रीकांतने पिनरचं घर विकून असं एक घर घेतलं. आमच्या नेहाला, इथेच जन्मलेल्या आणि मोडकंतोडकं मराठी बोलणाऱ्या, ते मुळीच पटलं नव्हतं.

"आई, एवढी मोठी घर सोडून तू कॅरव्हॅनमध्ये राहणार?"

"कॅरव्हॅन नाही गं. फक्त खाली चाकं आहेत."

"चाकं असलेला घर म्हणजे कॅरव्हॅनच, आई!"

पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तिने सगळी कपाटं उघडून बघितली, दोन्ही बेडरूम बघितल्या. मग हळूच म्हणाली, "एजवेअरचा माझा अख्खा फ्लॅट तुझा किचनमध्ये मावेल."

*

वर्षभर सुखात गेलं आणि बातमी आली की मालक मिस्टर हॉलिस साइट विकतायत. घेणार होती एक मोठी कंपनी. तिच्या दुसऱ्या साइटवर काय झालं ते आम्ही ऐकून होतो. भाडं वाढलं, रस्ते उखडले आणि म्हातारी माणसं मिळेल त्या किमतीला घर विकून गेली. चाकं असली म्हणून काय झालं, घर उचलून नेणार कुठे? त्या आठवड्यात श्रीकांतला धड झोप लागली नाही. मलाही नाही.

मग मॉरीन उभी राहिली. आयुष्यभर शाळेत मुलांना जेवण वाढणारी बाई, आवाज असा की हॉलला माइक लागत नाही. ती म्हणाली, "आपणच घेऊ या की ही जागा! सगळ्यांनी मिळून." म्हणजे कोऑपरेटिव्ह. अनुभव कोणाला आहे, असं तिने विचारल्यावर श्रीकांत चाचरत म्हणाला की तो डोंबिवलीच्या हाउसिंग सोसायटीत वाढलाय.

"झालं! तू सेक्रेटरी."

"अहो, पण मी तेव्हा शाळेत होतो. मीटिंगला फक्त खुर्च्या लावायचो!"

"इथेही तेच काम आहे," मॉरीन म्हणाली.

*

हॉलिसची अट एकच. "चाळीसच्या चाळीस घरं तयार असतील तर मी तुमच्यासाठी थांबतो. एक जरी घर नाही म्हणालं, तर कंपनीला विकून मोकळा होतो."

आणि आमच्यात होता केन. निवृत्त बस ड्रायव्हर, ऐंशी ओलांडलेला. हॉलिसशी त्याचं नाल्यावरून, कुंपणावरून, झाडाच्या फांदीवरून वर्षानुवर्षं भांडण. सगळ्यात आधी हाच हो म्हणेल असं आम्हाला वाटलं होतं. तर हा ठाम नाही!

"अरे पण का?" श्रीकांतने विचारलं.

"मालकच गेला तर मी भांडू कोणाशी?"

आम्ही सगळे हताश. मॉरीनने मात्र त्याच्यापुढे चहाचा मग ठेवला. "केन, आत्ता तुला भांडायला एक मालक आहे. आपण जागा घेतली तर चाळीस मिळतील."

केनने उचललेला मग परत खाली ठेवला. "चाळीस?"

"चाळीस."

"मग हात वर करतो मी," तो म्हणाला.

*

कर्ज देणाऱ्यांकडून एक तरुण ऑफिसर आला. मी कांदेपोहे केले होते, त्याने दोनदा घेतले. माणूस चांगला होता, पण प्रश्न सगळे छापील. शेवटी त्याने विचारलं, "आणि तुमचा एक्झिट प्लॅन काय? म्हणजे पुढे यातून बाहेर कसे पडणार?"

सगळ्यात तरुण मेंबर मीच, आणि माझेही गुडघे बदलून झालेले!

मागून केन म्हणाला, "क्रिमेटोरियम. इथून थेट बस आहे."

पोरगं आधी लाजलं आणि मग इतकं हसलं की त्याला पाणी द्यावं लागलं. कर्ज मंजूर झालं.

*

जागा आमची झाली त्या सकाळी श्रीकांत भलत्याच घरापुढचं गवत उपटत होता. म्हटलं, हे काय? तर म्हणाला, "आज सगळंच आपलं वाटतंय गं." म्हटलं, मग आपल्या दारातलंही काढ.

पुढच्याच मीटिंगला केन उठला. "माझ्या घरासमोरचा दिवा बंद आहे. मालक काही करत नाहीत!"

मॉरीन म्हणाली, "केन, मालक तूच आहेस."

केनने बराच विचार केला. "असं असेल तर मी स्वतःवर अत्यंत नाराज आहे."

*

मतदानाच्या दिवसाचा किस्सा मात्र मी नेहमी शेवटीच सांगते.

हॉल गच्च भरलेला. हॉलिस स्वतः समोर खुर्ची टाकून बसला होता, अगदी निवांत. मॉरीनने हात वर करायला सांगितलं. आमचा हात वर, केनचा वर. श्रीकांत मोजत गेला, परत मोजलं. एकोणचाळीस.

हॉलिस हसला. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. चाळिसावं घर आयरीनचं. आयरीन म्हणजे हॉलिसची आई! गेटाजवळच्या घरात एकटी राहायची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती मागच्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिला विचारणार तरी कोण?

हॉलिस कोट घालायला उठला.

तेवढ्यात आयरीनने पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि उजवा हात वर केला.

"मम," हॉलिस आईला म्हणाला, "हात खाली घे."

आयरीनने त्याच्याकडे बघितलं. मग डावाही वर केला.